गारठ्याचा परवाना

३ मार्च

आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. बर्फाचा जुना कारखाना बंद असला तरी त्यातली बर्फ साठवायची खोली शाबूत आहे. तीच, जिला तुम्ही सगळे ‘गारठा’ म्हणायचात. मी आणि माझ्या मैत्रिणीने ती मालकीणबाईंकडून वापरायला घेतली. मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते.

२. तिथे चाळीस खुर्च्या, एक पडदा आणि एक प्रोजेक्टर बसवला. इथलं थिएटर मोडल्यापासून लोक एकत्र बसून फिल्म बघत नाहीत. महिन्यातून दोनदा दाखवायची असा बेत आहे.

३. गेल्या शनिवारी पहिली फिल्म लावली. ती तुझी होती. तुला विचारलं नव्हतं.

४. फिल्म अर्ध्यावर आली तेव्हा परवाना खात्याचे निरीक्षक आले. शेजारच्या टायरवाल्याने तक्रार केली होती. त्याला ती खोली गोदामासाठी हवी आहे.

५. निरीक्षकांनी लगेच काही थांबवलं नाही. दाराशी उभं राहून थोडा वेळ फिल्म पाहिली. मग दिवे लावायला सांगितले.

६. लोकांना घरी पाठवलं. परवाना मिळेपर्यंत प्रदर्शन बंद, अशी नोटीस दाराला चिकटवली.

७. परवान्यासाठी दोन गोष्टी लागतात: खोलीला बाहेर पडायचं दुसरं दार, आणि जी फिल्म दाखवायची तिच्या मालकाची सही असलेली परवानगी.

दाराचं मी बघते. सही तुझी लागेल. मालकीणबाईंनी एप्रिलअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. तोवर परवाना नसेल तर खोली टायरवाल्याला जाईल.

हीच फिल्म का, असं निरीक्षकांनी विचारलं. ती त्याच कारखान्यात, त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात घेतलेली आहे. जी खोली पडद्यावर दिसते, त्याच खोलीत माणसं बसलेली असतात. याहून वेगळं कारण द्यायची गरज मला वाटली नाही.

प्रत जुनी होती, कॅसेटवरून उतरवून घेतली. आवाज फार खराब होता, तो स्वच्छ केला आहे. शेवटची दोन मिनिटं नुसती ओली भिंत दिसते. ती कापावीत असं भूगोलबाईंचं मत. मी कापलेली नाहीत.

बाबा बरे आहेत.

तुझी भाची

---

११ मार्च

इंजिनीअरबाई,

सात कलमं आणि एकही नमस्कार नाही. तू दादाचीच मुलगी आहेस याबद्दल मला कधी शंका नव्हती, आता पुरावाही हातात आला.

आधी फिल्म लावली आणि मग विचारतेस. म्हणजे लग्न लावून झाल्यावर मुलगी बघायला येण्यातला प्रकार. पण खरं सांगते, तो निरीक्षक दाराशी उभा राहिला हे वाचून मला बरं वाटलं. ती फिल्म चारचौघांत तीनदा लागली असेल. एकदा पंखे बंद पडले म्हणून लोक उठले, एकदा आयोजकांचं भाषण लांबलं म्हणून उठले, आणि एकदा काहीच कारण नसताना उठले. नोकरीवर आलेला माणूस नोकरी विसरून तिच्यापुढे उभा राहतो, ही माझ्या लेखी चौथी आणि सगळ्यांत यशस्वी वेळ.

फोनचं मनावर घेऊ नकोस. मला पत्रंच बरी वाटतात. पत्रात समोरच्याला मध्येच तोडता येत नाही.

सही देईन. पण तू दाखवतेस ती प्रत आधी मला पाठव. माझं लेकरू तू न्हाऊ घालून, भांग पाडून आणलं आहेस म्हणतेस, तर मला त्याचं तोंड बघू दे.

आणि दादा आला होता का बघायला? खरं तर मला एवढंच विचारायचं होतं, बाकी सगळं वर भरीला घातलं आहे. ‘बाबा बरे आहेत’ एवढ्यावर माझं भागत नाही.

आत्या

---

१६ मार्च

आत्या,

नमस्कार.

प्रत पेन ड्राइव्हवर सोबत पाठवली आहे.

तू आवाजाबद्दल विचारलेलं नाहीस, पण सांगते, कारण त्यावर सर्वांत जास्त काम झालं. शीतगृहांतली यंत्रं सांभाळणं ही माझी नोकरी. यंत्राची थरथर भिंतीत किंवा जमिनीत उतरू नये म्हणून त्याच्याखाली रबर घालणं, हे मी रोज करते. त्यामुळे तुझ्या फिल्ममधला दोष मला पहिल्या मिनिटाला समजला. बाबा चालवायचे त्या कॉम्प्रेसरची धडधड सगळ्या फिल्मवर पसरली होती. ती पूर्ण काढली. आता कामगार एकमेकांशी काय बोलतात, ते प्रत्येक शब्दानिशी ऐकू येतं.

दाराचं असं आहे. गारठ्याला एकच दार का, हे तुला ठाऊक असेल. दार जास्त म्हणजे बर्फ कमी. दुसरं भोक आहे ते बर्फाच्या लाद्या बाहेर गाडीवर ढकलायच्या खिडकीचं, कमरेच्या उंचीवर. ती खिडकी खाली जमिनीपर्यंत फोडली की दार होतं. निरीक्षकांना जागेवर नेऊन दाखवलं. ते वाकून बघत म्हणाले, “इथून माणसं बाहेर पडणार?”

मी म्हटलं, “चाळीस वर्षं बर्फ पडत होता.”

“बर्फाला घाई नसते, बाई.”

“साहेब, बर्फाइतकी घाई कुणालाच नसते.”

ते हसले नाहीत. पण वहीत खिडकीच्या जागी ‘दार’ असं लिहून घेतलं.

भिंत फोडायला सुरुवात केली आहे. आधी गिलावा, मग गारवा धरून ठेवणाऱ्या बुचाचा हातभर थर, मग डांबर, मग वीट. बूच अजून कोरडं आहे. ज्याने बसवलं त्याने काम चांगलं केलं होतं.

बाबा आले नव्हते. त्यांचे गुडघे दुखतात.

तुझी भाची

---

२५ मार्च

अगं,

तुझ्या प्रतीत आवाजच नाही. दोनदा लावून बघितली. माणसं तोंडं हलवतात, लादी सरकते, घोडागाडीवाला हात वर करून कुणाला तरी शिव्या देतो, आणि सगळं मुकं. न्हाऊ घालताना लेकराची वाचाच गेली की काय. पुन्हा पाठव.

दादाच्या गुडघ्यांना काय झालं? कुठल्या?

आत्या

---

२९ मार्च

आत्या,

पाठवण्यापूर्वी प्रत दोन यंत्रांवर तपासली होती. दोन्हीकडे आवाज होता. तरी नवी प्रत पाठवते आहे. ती लावताना असं कर: टीव्हीच्या रिमोटवर कर्ण्याचं चित्र असलेलं बटण आहे, त्यावर फुली असेल तर ते एकदा दाब. मग आवाज वाढवायचं बटण दाबून धर. टीव्हीला वेगळे स्पीकर जोडले असतील तर त्यांची वायर मागच्या बाजूला, वरच्या भोकात हवी. हे सांगण्यात तुला कमी लेखायचा हेतू नाही. मी मोठ्या शीतगृहांच्या व्यवस्थापकांनाही हेच सांगते, आणि दहापैकी आठ वेळा प्लग निघालेला असतो.

भिंत आरपार झाली. बाहेरचा उजेड पहिल्यांदाच आत आला, तेव्हा कळलं की आतला रंग पांढरा नसून निळसर आहे. निरीक्षक आता म्हणतात, बूच उघडं ठेवता येणार नाही, त्यावर आग न धरणारी फळी लावा. लावते आहे. खुर्च्या जमिनीला पक्क्या करा, असंही म्हणतात. करते आहे. ‘तुम्ही एका दमात का सांगत नाही’, असं विचारलं, तर म्हणाले, “एका दमात सांगितलं की लोक सोडून देतात.” मला हे पटलं.

तुझं पत्र टेबलावर होतं. बाबांनी अक्षर ओळखलं. पेल्याचं पाणी टेबलावर सांडलं होतं, तर त्यांनी पत्र उचललं, खालचं पुसलं, आणि पत्र पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

गुडघा डावा.

तुझी भाची

---

८ एप्रिल

परवानगी देता येत नाही.

मूळ कॅसेट जपून ठेव. दादाला सांग, मला कळलं.

आत्या

---

१० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मिळालं. त्यात कारण नाही. कामावर मला कुणी कारणाशिवाय नकार दिला, तर मी कारण लेखी मागते. म्हणून इथेही मागते आहे.

परिस्थिती अशी आहे. दार झालं. फळ्या झाल्या. खुर्च्या पक्क्या झाल्या. निरीक्षक येऊन सगळं पाहून गेले. फक्त तुझी सही राहिली आहे. अर्ज तुझ्या फिल्मच्या नावाने दाखल आहे. फिल्म बदलायची तर अर्ज नवा, आणि नव्या अर्जाला महिना जातो. तेवढा वेळ नाही. टायरवाला परवा मोजपट्टी घेऊन आला होता. दारातून डोकावून म्हणाला, “ताई, खुर्च्या काढाल तेव्हा जमिनीची भोकं तेवढी बुजवून द्या हं.” मी म्हटलं, खुर्च्या निघणार नाहीत. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे ते शेपूट तुझ्या हातात आहे.

निरोप बाबांना दिला. “काय कळलं तिला?” त्यांनी विचारलं. मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मग तेच म्हणाले, “तिला सगळं माझ्याआधी कळतं. नवीन काही नाही.”

तुमचं बिनसलं तेव्हा मी रांगत होते. माझ्या कानावर आलं ते एवढंच: मशीन बाबा चालवायचे, कारखाना मोडला तेव्हा ते कायमचं बंदही त्यांनीच करायचं होतं, तो क्षण घेऊ नकोस असं त्यांनी तुला बजावलं होतं, आणि तू तो घेतलास. त्यानंतर येणंजाणं संपलं. कोण चूक, कोण बरोबर हे ठरवायला माझ्याकडे साधन नाही. पण तुम्हा दोघांच्या अबोल्याचा दंड माझ्या खोलीने का भरायचा?

एक गोष्ट तुला खोटी सांगितली होती. बाबा गुडघ्यामुळे आले नाहीत, असं नव्हे. मी बोलावलं तेव्हा ते म्हणाले, “माझा हात मी बघितलाय. पडद्यावर आणखी मोठा कशाला बघू?” आणि कॅसेट, जिच्यावरून मी फिल्म उतरवली, ती त्यांच्या कपाटात होती. तू तेव्हा पाठवलेल्या पाकिटात, तुझ्या अक्षरातल्या पत्त्यासकट. पाकीट मी फोडलं, या जानेवारीत, त्यांच्या देखत. तोवर ते बंद होतं. त्यांनी तुझी फिल्म कधीच पाहिलेली नाही. एकदाही नाही.

हे वाचून तुला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे.

सही किंवा कारण, दोहोंपैकी एक पाठव.

भाची

---

१५ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. ‘एकदाही नाही’ हे तू मला लागावं म्हणून लिहिलंस. लागलं. पण तू नेम धरलास तिथे नाही. जिथे लागलं, तिथे तीस वर्षांचं गळू होतं, ते फुटलं.

मी इतकी वर्षं काय समजून चालले होते सांगू? दादाने फिल्म बघितली, आणि बघूनसुद्धा एक ओळ लिहिली नाही. मला जे काही त्याला सांगायचं होतं ते सगळं मी त्यात घातलं होतं. ते पोचूनही उत्तर येत नसेल तर आणखी काय बोलायचं, म्हणून मी गप्प बसले. आणि तिकडे तो पाकीट न फोडता रागावलेला. एक न बघताच रुसलाय, दुसरी उत्तर येत नाही म्हणून रुसलीय. आम्हा दोघांना तेव्हाच त्या गारठ्यात कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती.

आता तुला हवं ते कारण.

दादाने मला बजावलं होतं हे खरं. “बंद करताना माझा हात दाखवायचा नाहीस.” मी म्हटलं, नाही दाखवणार. आणि नाही दाखवला. त्या दिवशी मी मशीनकडे पाठ केली आणि कॅमेरा भिंतीकडे लावला. त्याने मला कॅमेरा घेऊन आत शिरताना बघितलं, आणि तेवढ्यावर समजला. मीही म्हटलं, कॅसेट पाठवते आहे, बघेल तेव्हा कळेल त्याला.

तुझ्या भूगोलबाईंना कापून टाकावीशी वाटते, ती हीच भिंत. पहिल्या दृश्यापासून मशीनची धडधड चालू आहे. माणसं बोलतात, भांडतात, लाद्या सरकतात, आणि धडधड चालूच. इतकी चालू की बघणारा ती ऐकायचंच विसरतो, जसे आम्ही सगळे विसरलो होतो. मग ती ओली भिंत येते. काही होत नाही. पाणी ओघळत राहतं. आणि धडधड थांबते.

दादाचा हात फिल्ममध्ये एवढाच आहे. तो तू धुऊन काढलास. पहिल्यापासून नाहीच, तो आवाज शेवटी थांबणार कसा, बाई?

आणि मला काय वाटलं ते ऐक, म्हणजे घराण्यात एकटीच तू शहाणी नाहीस हे तुला कळेल. मला वाटलं, हे त्यानेच तुझ्याकडून करवून घेतलं. ‘तिचं मशीन काढून टाक, मग काय दाखवायचं ते दाखव.’ म्हणून तो निरोप. आता त्या निरोपाची मला लाज वाटते.

राहिला फोन. चार वर्षं झाली, माझे कान गेलेत. सगळे नाही. वरचे, बारीक आवाज गेले. माणसांचं बोलणं म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज. कानात यंत्र घालते, त्याने फक्त भांडी मोठी वाजतात. जाड, खालचे आवाज मात्र शिल्लक आहेत. ट्रक, पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरच्या माणसाचं चालणं. तुझ्या प्रतीत आवाज नव्हता, तो मला नव्हता. तू वायर, भोक, बटण सगळं सांगितलंस ते मी इमानेइतबारे केलं. मग खालच्या शिंप्याला वर बोलावलं. तो टीव्हीपुढे बसला आणि कागदावर लिहून म्हणाला, ‘आवाज आहे की. माणसं छान खणखणीत बोलतायत.’ मी विचारलं, ‘आणि मशीन?’ त्याने लिहिलं, ‘कुठलं मशीन?’

म्हणजे त्या फिल्ममध्ये जे एकच मला अजून ऐकू आलं असतं, नेमकं तेच तू काढलंस. तुझा दोष नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगणाऱ्यातली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही आपल्या घरची रीतच. तू गुडघ्याआड कारण लपवलंस, मी कान लपवले, दादाने अख्खं पाकीट लपवलं.

सही सोबत जोडली आहे. अट एकच, ती सहीच्या वर लिहिली आहे: कॅसेटवर जशी आहे तशी, आवाजाला हात न लावता.

दादाला काय सांगायचं ते तू ठरव. मला तीस वर्षांत ठरवता आलं नाही.

आत्या

---

३ मे

आत्या,

नमस्कार. सही मिळाली त्याच दिवशी कार्यालयात दिली.

कॅसेटवरून उतरवलेला मूळ आवाज मी वेगळा ठेवला होता, म्हणून तो परत घालता आला. चूक माझी होती. यंत्र ऐकू आलं म्हणजे बिघाड, असं मी धरून चालते. कामावर ते बहुतेक वेळा खरं असतं.

आवाज जुळवल्यावर मी गारठ्यात एकटीने फिल्म शेवटपर्यंत लावली. भिंत आली. धडधड थांबली. मी उठून स्पीकरचा प्लग तपासला. तो जागेवर होता. तेव्हा कुठे काय झालं ते मला समजलं.

बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते स्वयंपाकघरात टेबलफॅन उघडून बसले होते. मी म्हटलं, “तुमचा हात त्यात नाही.”

“कशात?”

“आत्याच्या फिल्ममध्ये. तिने तो घेतलाच नव्हता.”

“मी तिला कॅमेरा घेऊन आत शिरताना बघितलंय.”

“तिने तो भिंतीकडे लावला होता.”

त्यांनी पंख्याचं पातं कापडाने पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं. मग म्हणाले, “भिंत दाखवली, तर मशीन बंद झालं हे लोकांना कळणार कसं?”

“ऐकून.”

त्यांनी कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाले, “लबाड आहे ती. लहानपणापासून.” हे मी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. रागाने म्हणाले नाहीत.

तुझ्या कानांचंही सांगितलं. “म्हणून फोन उचलत नाही होय,” एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांनी तुला फोन केला होता. कधी, ते मी विचारलं नाही.

निरीक्षकांची शेवटची तपासणी अठ्ठावीस तारखेला झाली. त्यांनी भूगोलबाईंच्या एका वर्गाला खुर्च्यांवर बसवलं, दिवे घालवले, आणि बाहेर पडायला सांगितलं. अर्धी मुलं जुन्या दाराने गेली, अर्धी बर्फाच्या दाराने. बर्फाचं दार आधी रिकामं झालं. शेवटी निरीक्षक स्वतः तिथून बाहेर आले, कपड्यांवरचा चुना झटकला, आणि म्हणाले, “ठीक आहे.” टायरवाला रस्त्यापलीकडून बघत होता. त्यालाही त्यांनी हात करून बोलावलं आणि सांगितलं, या दारासमोर टायर रचायचे नाहीत. त्याने मान हलवली. तो मनाने वाईट नाही, त्याला जागा कमी पडते.

परवाना दुसऱ्या दिवशी मिळाला. कागद हातात देताना निरीक्षकांनी विचारलं, “पुढे काय होतं हो त्यात?” मला आधी कळलं नाही. ते फिल्मबद्दल विचारत होते. त्यांनीच ती अर्ध्यावर थांबवली होती. मी म्हटलं, “तिकीट काढून या.” या वेळी हसले.

बाबा परवा दुपारी तिथे आले. मी बोलावलं नव्हतं. मी स्पीकर तपासत होते आणि फिल्म चालू होती. ते बाहेर, गाड्या लागायच्या त्या ओट्यावर बसले होते, हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने बर्फाच्या दारातून आत आले. पडद्याकडे न बघता म्हणाले, “मशीनचा पट्टा घसरतोय. त्या आठवड्यात घसरत होता.” मग पडद्याकडे बघितलं. उभ्यानेच बघत राहिले. घोडागाडीवाला आला तेव्हा त्याला नावाने हाक मारली, आणि मारल्याचं लक्षात आल्यावर घसा खाकरला. भिंत आली तशी त्यांनी विचारलं, “हीच ती?”

“हो.”

“थांबव.”

मी थांबवली. म्हणाले, “पुढचं तिच्या शेजारी बसून बघतो. नाहीतर पुन्हा म्हणेल, बघितलं नाही.”

आता खुर्च्यांबद्दल. परवाना चाळीस खुर्च्यांचा आहे, एकही जास्त चालत नाही. शेवटच्या रांगेखाली लाद्या ठेवायची जुनी लाकडी फळी अजून आहे. खालच्या सुरांचा मोठा स्पीकर मी त्याच फळीवर ठेवला, आणि त्याच्याखालचं रबर काढून टाकलं. नोकरीत हे काम केलं असतं तर मला नोटीस मिळाली असती. आता फिल्ममधलं मशीन चालू असेपर्यंत फळी थरथरते, आणि फळीवरच्या दोन खुर्च्यांत ती थरथर हाताला, पाठीला, तळव्यांना लागते. कापूस कानात घालून बसून पाहिलं. मशीन चालू आहे हे कळतं. थांबलं, हेही कळतं.

त्या दोन खुर्च्यांपैकी भिंतीकडची बाबांनी घेतली आहे. शेजारची तुझी.

पहिला खेळ चोवीस मे, शनिवार, संध्याकाळी सहा वाजता. तू सकाळच्या गाडीने आलीस तर बाबा स्टेशनवर येतील. गुडघा बरा आहे. तो खरंच दुखत होता, फक्त कारण तो नव्हता.

खेळाची तिकिटं पंधरा तारखेपासून विकायची आहेत. तू येणार असशील तर तुझी खुर्ची विकणार नाही. कृपया चौदा मेपर्यंत उत्तर मिळेल असं लिही.

तुझी भाची